वाशीचा आंतरराष्ट्रीय कायद्याचा रविवारचा कोर्स, आठ रविवार करून आले त्याचा अनुभव

कालच शेवटचा रविवार झाला, डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते. वाशी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एका हॉलमध्ये लॉ कॉलेजात शिकवणाऱ्या तिघांनी मिळून आंतरराष्ट्रीय कायदा आणि देशाची सुरक्षा या विषयावर कोर्स चालवलाय, फी साडेतीन हजार, वकील असायची अट नाही. मी वकील नाहीच, बेलापूरला कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात बारा वर्षं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे कस्टमचे कागद, भरतेय. तू कशाला जातेस तिकडे असं घरी पण विचारलं सगळ्यांनी, तर कारण आहे.

जून २०१७ ला नॉटपेट्या व्हायरसने जेएनपीटीतलं, म्हणजे न्हावाशेवा बंदरातलं, एक टर्मिनल बंद पाडलं होतं, आठवत असेल. आमचे दोन कंटेनर आत अडकलेले, बाहेर ट्रेलरची लाइन, पार्टीचे फोनवर फोन, आणि मी सांगणार काय? मूळ निशाणा होता युक्रेन आणि बंद पडलं न्हावाशेवा. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं की याला म्हणायचं काय, चोरी की युद्ध, आणि भरून कोण देणार. इतक्या वर्षांत कुणी धड सांगितलं नव्हतं, ते तिसऱ्या रविवारी कळलं.

मॅडमनी आधी काय झालं ते क्रमाने सांगितलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने रशियाच्या लष्कराचं नाव घेतलं, रशियाने साफ नाकारलं. आता देशाने देशावर केलेल्या सायबर हल्ल्यासाठी असा वेगळा करार नाहीये, म्हणून कायद्याचे प्राध्यापक आणि जाणकार एकत्र बसले आणि युद्धाचे जुने नियम कॉम्प्युटरला कसे लावायचे ते लिहून काढलं, त्याला टॅलिन मॅन्युअल म्हणतात, पहिलं २०१३ चं, दुसरं २०१७ चं. आम्ही सगळे भराभर लिहून घेत होतो तर मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, हे कुठल्याही देशावर बंधनकारक नाही, हे विद्वानांचं मत आहे, आणि त्यांना बोलावणारं केंद्र नेटोशी जोडलेलं होतं हे पण लिहा. मला ह्या बाईंचा आदर वाटला तो तिथे. आपल्याच विषयातल्या मोठ्या लोकांचं काम, तरी त्याचं वजन किती धरायचं ते आधी सांगितलं.

शिकवायची पद्धत सगळी अशीच, कागद हातात दिल्याशिवाय चर्चा नाही. दुसऱ्या रविवारी युनोच्या १९४५ च्या सनदेतल्या कलम ५१ ची झेरॉक्स वाटली, सात-आठ ओळी फक्त, आणि अर्धा तास त्यातल्या 'सशस्त्र हल्ला झाला तर' एवढ्याच शब्दांवर घालवला. झाला तर म्हणजे होऊन गेल्यावर, की होणारच आहे म्हटल्यावर पण? मग सर १८३७ च्या कॅरोलाइन बोटीवर गेले, ब्रिटिशांनी नायगारा नदीत जाळलेली अमेरिकन बोट, तिच्यावरून झालेल्या पत्रव्यवहारातला नियम आजही काढतात, की धोका इतका तातडीचा हवा की विचार करायला क्षणभर पण उसंत नाही. आणि तिथून थेट २६ फेब्रुवारी २०१९, बालाकोट. त्या सकाळी आपल्या परराष्ट्र सचिवांनी वाचून दाखवलेलं निवेदन आम्हाला वाचायला लावलं. त्यात बदला शब्द नाही, 'नॉन-मिलिटरी प्री-एम्प्टिव्ह अ‍ॅक्शन' असे शब्द आहेत, म्हणजे लष्करी ठिकाणं सोडून, येणारा धोका आधीच रोखायची कारवाई. तेव्हा टीव्हीवर मी हे ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. त्यामागे कायद्याच्या कुठल्या वाटा धरल्यात आणि कुठल्या टाळल्यात हे त्या दिवशी दिसलं.

कुलभूषण जाधवांच्या केसवर वर्गात जरा तापलंच. आपलाच माणूस, त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात आपण जिंकलो म्हणजे जिंकलो. सरांनी १७ जुलै २०१९ च्या निकालाचं शेवटचं पान काढलं. १५ विरुद्ध १ ने कोर्ट म्हणालं की पाकिस्तानने १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ मोडलं, वकिलातीला भेटू दिलं नाही, शिक्षेचा फेरविचार करा, तोवर फाशी नाही. पण शिक्षा रद्द करा, माणूस सोडा ही आपली मागणी मान्य झाली नाही, ते पण त्याच पानावर आहे. मागे बसलेले रिटायर्ड पोलीस काका चिडले, म्हणाले सर तुम्ही आपल्या बाजूने बोला ना. सर शांतपणे म्हणाले, काका मी आपल्याच बाजूने बोलतोय, काय मिळालं आणि काय नाही हे माहीत नसेल तर पुढे मागणार काय आपण. काका गप्प झाले, पण चहाच्या वेळी सरांकडे जाऊन निकालाची प्रत मागून घेतली.

पाचवा रविवार लॉ स्कूलच्या प्राध्यापकांवरच होता, म्हणजे हे लोक सरकारच्या जवळ गेले की काय होतं. ९/११ नंतरची अमेरिका. बर्कलीचे जॉन यू सरकारी कायदा विभागात गेले आणि २००२ मध्ये कैद्यांच्या छळाला कायद्याची वाट मोकळी करून देणारे मेमो तयार केले. पुढे जॅक गोल्डस्मिथ, तेही कायद्याचे प्राध्यापक, त्याच विभागाचे प्रमुख झाले, त्यांनी त्यातले काही मागे घेतले आणि २००४ मध्ये पद सोडलं. आणि जॉर्जटाउनचे नील कत्याल सरकारच्या विरोधात ग्वांटानामोच्या अमेरिकन तुरुंगातल्या हमदान नावाच्या कैद्यासाठी सुप्रीम कोर्टात उभे राहिले, २००६ मध्ये जिंकले, त्या निकालात जिनिव्हा करारांचं सामाईक कलम ३, कैद्यांना माणुसकीने वागवा सांगणारं, लागू धरलं गेलं. तिघेही प्राध्यापक, पुस्तकं बरीचशी तीच. मग मॅडम आपल्याकडे आल्या, राधाबिनोद पाल, कलकत्त्यात कायदा शिकवायचे, नंतर न्यायाधीश, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात सगळे आरोपी निर्दोष असं वेगळं निकालपत्र लिहिणारे एकटे. ते बरोबर की चूक यावर अजून वाद आहेत, मॅडमनी दोन्ही बाजू मांडल्या. मला वाटतं हा रविवार प्रत्येक लॉच्या मुलाने ऐकावा, कारण तिथे कळतं की हा विषय शिकवणाऱ्याच्या एका सहीने किती लोकांचं काय होऊ शकतं.

माझ्या कामाचं म्हणाल तर सहावा. जानेवारी २०२४ ला चीनहून कराचीला चाललेल्या जहाजावरची इटालियन बनावटीची सीएनसी मशीन (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं यंत्र) कस्टम्सने न्हावाशेव्याला उतरवली, ते प्रकरण. आपल्या यंत्रणांचं म्हणणं ती क्षेपणास्त्राच्या कामाची, पाकिस्तानचं म्हणणं साधं लेथ मशीन. माल भारताचा नाही, भारतात येणार नाही, मग उतरवता येतो का? तर बंदरात शिरलेलं जहाज हे समुद्रातून नुसतं पुढे जाणारं जहाज नसतं, बंदरात आपला कायदा चालतो, त्यावर सुरक्षा परिषदेचा २००४ चा ठराव १५४०, आपला २००५ चा संहारक शस्त्रांचा कायदा, वासेनार यादी, म्हणजे शस्त्रं आणि शस्त्रांच्या कामी येऊ शकणाऱ्या मालाची बऱ्याच देशांनी मिळून ठरवलेली यादी. स्कोमेटची, म्हणजे निर्यातीवर बंधन असलेल्या असल्याच मालाची आपली, यादी मी रोज उघडते, पण ती कुठून आली हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, खरं सांगते. दिवाळे कोळीवाड्यातला एक दादा होता आमच्यात, त्याने विचारलं की सीमा चुकली म्हणून पाकिस्तानात आपली पोरं वर्षानुवर्षं आत का. मॅडमनी समुद्र कायद्याचं कलम ७३ दाखवलं, २०० मैलांच्या पट्ट्यात नुसत्या मासेमारीच्या गुन्ह्याला, दोन देशांत तसा करार नसेल तर, तुरुंगवास देता येत नाही, आणि लगेच हेही सांगितलं की कच्छच्या सर क्रीक खाडीजवळ रेषच ठरलेली नाही आणि किनाऱ्यापासून १२ मैलांच्या आत धरलं तर हे कलम लागत नाही, खरी गोची तिथे होते. दादाने ते कलम वहीत मराठीत उतरवून घेतलं, मॅडम शेजारी बसून एकेक शब्द सांगत होत्या. वर्ग संपून वीस मिनिटं झाली होती तेव्हा.

आता तक्रारी, कारण पैसे भरलेत. वाचायचे पीडीएफ शनिवारी रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर, चाळीस पानं, कोण वाचणार आणि कधी. मागच्या तीन रांगांना माइक घुमतो. रविवारी मेगाब्लॉक असला की हार्बरवाल्यांचे हाल, आम्ही ठाण्याचे ट्रान्स-हार्बरने वेळेत पोचायचो पण पनवेलकडची मंडळी अर्धा तास उशिरा, आणि वेळ काही बदलली नाही. सगळ्यात खटकला तो सातवा रविवार, बाहेरचे पाहुणे वक्ते आणले होते, दीड तास नुसता आवाज, एक कागद नाही, एक कलम नाही, प्रश्न विचारला तर देशभक्ती काढली. सहा रविवार ज्यांनी आम्हाला कागद बघायची सवय लावली त्यांनी हे चालवून घ्यायला नको होतं, मी फीडबॅकच्या फॉर्मवर तसंच लिहिलंय, नावासकट. मॅडमचा फोन आला, म्हणाल्या पुढच्या वेळी पाहुण्यांकडून पण आधी वाचन मागवणार.

सर्टिफिकेटसाठी जाणार असाल तर नका जाऊ, त्याने नोकरीत काही फरक पडत नाही. इंग्रजी कच्चं असेल तरी जा, मूळ कागद इंग्रजी असले तरी समजावतात मराठीत आणि न कंटाळता. पाचपैकी चार स्टार, एक सातव्या रविवारचा कापला. पुढची बॅच गणपतीनंतर आहे, बहिणीचं नाव मी कालच देऊन आले, तुम्ही जाल तर पुढच्या दोन रांगांतच बसा.