फ्रोझन गोदामासाठी लॅटेक्स थराचे थर्मल हातमोजे: कुठे चालतात, कुठे नाही

आतून टेरीचं, म्हणजे टॉवेलसारख्या कापडाचं, जाड अस्तर, तळहाताला आणि बोटांना खरबरीत लॅटेक्स, पाठीकडे साधं विणकाम. सेफ्टीच्या दुकानात 'थर्मल ग्लोव्ह' मागितला की हा प्रकार सहज मिळतो. उणे १८ अंशांच्या गोदामात पेट्या उचलणाऱ्या, लेबल वाचणाऱ्या, स्कॅनर चालवणाऱ्या माणसासाठी घ्यायला हरकत नाही. मात्र पॅकेटवरच्या 'ऊबदार' या शब्दावर विसंबू नका. हातमोजा आत गेल्यावर वीस मिनिटांनी बोटं चालू देतो का, हीच त्याची खरी परीक्षा.

बोटांच्या त्वचेचं तापमान साधारण १५ अंशांखाली गेलं की बारीक काम ढेपाळायला लागतं: चिमटीत धरणं, लेबल सोलणं, गाठ सोडणं. ८ अंशांच्या आसपास स्पर्शच बोथट होतो. नसांतून संदेश हळू जातात, सांधे कडक होतात. वस्तू नीट लागत नाही म्हणून माणूस ती गरजेपेक्षा घट्ट आवळतो आणि लवकर थकतो. वाईट म्हणजे बधिरपणा हळूहळू चढतो, त्यामुळे तो ज्याचा त्यालाच उशिरा कळतो.

हातमोज्यावर युरोपीय मानक ईएन ५११ चं चिन्ह आणि त्याखाली तीन खुणा शोधा. पहिली वाऱ्याच्या गारठ्यासाठी (० ते ४), दुसरी गार वस्तूला हात लागल्यावरच्या गारठ्यासाठी (० ते ४), तिसरी पाणी शिरतं की नाही याची (० किंवा १). या प्रकारावर बऱ्याचदा 'एक्स-२-एक्स' असं दिसतं. एक्स म्हणजे ती चाचणी केलेलीच नाही. गोठलेली पेटी धरायला तो ठीक आहे, पण पंख्याच्या झोतात पाठीकडच्या विणीतून वारा आत शिरतो. शीतयंत्राच्या पंख्यासमोर पॅलेट लावणाऱ्याला हा देऊ नका, त्याला पाठही झाकलेला पॅडिंगचा हातमोजा हवा. उलट नाशिककडे द्राक्षांच्या शीतगृहात, शून्याच्या आसपास, हा पुरेसा आहे.

माप चुकतं ते इथे. आत पातळ लोकरी हातमोजा घालणार असाल तर एक माप मोठा घ्या. घट्ट हातमोज्यात ऊब धरणारी हवा चेपली जाते आणि रक्तप्रवाहही अडतो. हातमोजा मनगटावर संपू देऊ नका. बोटं चालवणारे बरेचसे स्नायू कोपराखालच्या हातात असतात. तो भाग उघडा राहिला तर बोटं झाकलेली असूनही पकड ढिली पडते. बाही हातमोज्यात खोचा किंवा लांब कफ घ्या. छाती-पोट गारठलं की शरीर हातापायांचं रक्त आवरतं घेतं, म्हणून स्वस्त जॅकेटबरोबर महागडा हातमोजा घेऊन फायदा नाही.

डोक्यावरही गारठ्याचा परिणाम होतो. सोपं, सरावाचं काम बऱ्यापैकी निभावतं, पण बॅच नंबर लक्षात ठेवून दुसऱ्या यादीशी ताडणं अशा कामात चुका वाढतात. थोडं लक्ष थंडीकडे जातं, आणि बाहेर पडायची घाई असते ती वेगळीच. ताडायचं काम दाराबाहेर, सामान्य तापमानात ठेवता आलं तर तेच करा.

खरेदीआधी हातमोजा घालून नाणं टेबलावरून उचला, पेनने दोन ओळी लिहा, स्कॅनरचं बटण दाबा. हेच गोदामात वीस मिनिटं काम केल्यावर पुन्हा करा. नाणं उचलता येत नसेल तर तो हातमोजा त्या कामाचा नाही, किंवा विश्रांती आधी द्यायला हवी.

घाम हा या हातमोज्याचा मोठा शत्रू. ओलं अस्तर भराभर ऊब बाहेर टाकतं, म्हणून माणशी दोन जोड ठेवा आणि विश्रांतीला बदला. हीटरवर चिकटवून वाळवू नका, लॅटेक्स चिरतो. मासळीचं तेल किंवा लोणी लागणाऱ्या जागी लॅटेक्स फुगून मऊ पडतो, तिथे थंडीतही लवचीक राहणारा नायट्राइलचा (एक कृत्रिम रबर) थर बघा. लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यालाही हाच पर्याय.