गंगापूर रोडवरच्या फिल्म क्लबला 'गाजो दिलो' पाहिला, नक्की जा

रविवारी पहिल्यांदाच गेले इथे, शंभर रुपये तिकीट, साठेक खुर्च्या, आणि खरं सांगते मल्टिप्लेक्सला चारशे घालवून कधी एवढं भरून आलं नव्हतं. पिक्चर तोनी गातलिफचा, 1997 चा. गाजो म्हणजे जो रोमा (युरोपातले जिप्सी) नाही तो, दिलो म्हणजे वेडा.

स्तेफान म्हणून पॅरिसचा पोरगा, वडील वारलेत, ते ज्या नोरा लुकाचं गाणं ऐकायचे तिला शोधत कॅसेट घेऊन रोमानियात बर्फातून पायी फिरतोय. म्हातारा इझिदोर रात्री त्याला दारू पाजून घरी आणतो आणि सकाळी अख्खी रोमा वस्ती गोळा, हा कोण, कोंबड्या चोरायला आला का! मला एकदम आपल्याकडचे पारधी आठवले. इंग्रजांनी 1871 ला कायदाच केला जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायचा, तो 1952 ला गेला पण गावात चोरी झाली की नजर अजून त्यांच्याच पालाकडे जाते. युरोपात रोमांचं तेच. इथे मात्र संशय त्या गोऱ्या पोरावर, आणि तो बिचारा बसतो ऐकत.

वस्तीतलीच सबीना नवरा सोडून बेल्जियमहून परत आलेली, तोंडाने फटकळ, तिला फ्रेंच येतं म्हणून ती दुभाषी आणि दोघं गावोगाव गाणी रेकॉर्ड करत फिरतात, त्यातच प्रेम जमतं, कुणी कुणाला काही कबूल वगैरे करत नाही. रोना हार्टनरने काय केलंय ते काम! वस्तीतले बरेचसे लोक खरेच रोमा आहेत, त्यामुळे भांडणं, चिखल, लग्नातलं नाचणं काही सेट लावल्यासारखं वाटत नाही. शेवट सांगत नाही, पण त्या टेपांचं तो काय करतो ते बघा, माझ्या शेजारच्या काकू रडत होत्या.

आणि भाषा ऐका हो, रोमानीत पाण्याला पानी, कानाला कान, काळ्याला कालो! मूळ आपल्याकडचंच ना.

तक्रार एकच, सबटायटल खालून कापले जात होते, मागच्या रांगेतल्यांना निम्मं वाचताच आलं नाही, एवढ्या बोलक्या पिक्चरला हे चालत नाही, प्रोजेक्टर जरा वर घ्या. नंतरची चर्चा छान झाली, पाऊण तास कुणी उठलं नाही. गातलिफचाच 'लाचो द्रोम' पण लावा प्लीज, तो राजस्थानातून सुरू होतो, आईला घेऊन येईन.