स्पेसर की नेब्युलायझर? पावसाळ्याआधी ठरवा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आषाढात लाइट गेली की नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करणारं विजेवरचं यंत्र, शोभेचा. मुलांच्या सौम्य-मध्यम धापेत पंप (इन्हेलर) नि त्याला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, तितकाच गुणकारी, शिवाय दप्तरात मावतो. तरी घरोघरी यंत्रावरच भरवसा. वाफ दिसते ना!

स्पेसरचं काम हातावर अवलंबून. पंप हलवायचा, एक दाब, मग शांतपणे पाच-सहा श्वास; दुसऱ्या दाबाआधी पुन्हा हलवायचा. दोन दाब एकदम मारले की बरंचसं औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. साधारण चार वर्षांखालच्या मुलाला मास्क लागतो, तो गालाला घट्ट. मूल रडत असेल तर औषध फुप्फुसात नीट पोचत नाही. प्लास्टिकचा स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला की स्थिर वीज तयार होते आणि औषध ओढून घेते.

नेब्युलायझरला एका वेळी सात-दहा मिनिटं. औषध पातळ करायला सलाइनच, विहिरीचं पाणी नव्हे. कोकणातल्या दमट हवेत यंत्राचा औषधाचा ओला कप जंतूंचं घर होतो. दरवेळी धुऊन पूर्ण वाळवा.

म्हणून घरी स्पेसर. यंत्र डॉक्टर सांगतील तरच. चुलीचा धूर दोन्हींना हरवतो.

बरगड्या आत ओढल्या जातायत, बोलताना धापेने वाक्य तुटतंय, ओठ निळसर दिसतायत? तालुक्याच्या रुग्णालयाकडे निघा, वाटेतही डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे आराम देणारा पंप चालू ठेवा.