मनमिळाऊ निघालो, पण अर्धाच (आयपीआयपी-निओ टेस्ट)
कापूस वेचणी चालू आहे, बाया घरी गेल्यावर रात्री खाटेवर पडल्या पडल्या मोबाईलवर ही स्वभाव मापाची टेस्ट केली. फुकट आहे, गोल्डबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हे प्रश्न सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. ३०० प्रश्नांचीपण आहे, पण जॉन्सन नावाच्या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञानं २०१४ मध्ये १२० वाली काढली, आपल्याले तेवढी पुरे.

मले पाहाचा होता तो अ‍ॅग्रीएबलनेस, म्हणजे मनमिळाऊपणा. गावात सगळे म्हणतात लय साधा माणूस आहे बावा, कोणाले नाही म्हणत नाही. टेस्ट त्याचे सहा तुकडे करते, विश्वास, सरळपणा, मदत, जुळवून घेणं, नम्रपणा, कळवळा, एकेकाले चार प्रश्न. एकूण आकडा आला मधातला. तिथंच मोबाईल ठेवला असता तर काहीच कळलं नसतं, खाली पाहतो तर जुळवून घेणं वरच्या ३० टक्क्यांत अन विश्वास पार खालच्या ३० मध्ये!

मंग आठवलं. आषाढात शेजारच्या काकानं डवरा (पिकातलं तण काढाचं कोळपं) मागतला, माही स्वतःची डवरणी बाकी, वाफसा, म्हणजे जमिनीतली कामापुरती ओल, दोन दिवस राहिला तर राहिला, तरी 'न्या काका' म्हणून मोकळा झालो, अन दिवसभर धुऱ्यावरून पाहत बसलो का डवऱ्याची पास (लोखंडी पातं) मोडते का काय. बायको म्हणे एवढा भरोसा नाही तर दिला कायले? म्हटलं शेजारधर्म. कायचा शेजारधर्म, भांडण नको होतं, बस.

आता तक्रारी. मी केली ती इंग्रजीत होती, चार-पाच प्रश्न भाच्याले फोन करून इचारले. कळवळ्यात बेघर लोकांबद्दल एक प्रश्न आहे, आमच्या गावात पडकी का असेना भिंत सगळ्यांले आहे, मी नागपूर स्टेशन डोळ्यापुढं आणून उत्तर दिलं. नम्रपणाचे प्रश्न तर फालतूच, 'मी दुसऱ्यापेक्षा भारी' याले आपल्याकडं हो कोण म्हणते, मनात असलं तरी? तो आकडा मी धरतच नाही. २०१७ च्या बीएफआय-२ नावाच्या दुसऱ्या स्वभावाच्या टेस्टमध्ये मनमिळाऊपणाचे तीनच भाग आहेत, कळवळा, आदर, विश्वास, पण मले सहावालीच पटली.

५ पैकी ४ स्टार. वीसेक मिनिटं लागतात.

परवा काका परत आले, तुरीवर फवाराले पंप पाहिजे म्हणे. दिला.