पाथर्डी फाट्यावरचा गाळा: दवाखान्याची जागा घेताना माझी झालेली फसवणूक

नाशिकमध्ये पहिल्यांदाच स्वतःचा दवाखाना थाटणाऱ्या डेंटिस्ट मित्रमैत्रिणींनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. माझे यात साडेपाच लाखांच्या वर गेले. त्यातले काही परत आले, बरेचसे नाहीत.

बीडीएसनंतर सहा वर्षं मी सिडकोत आणि कॉलेज रोडला दुसऱ्यांच्या क्लिनिकमध्ये काम केलं. गंगापूर रोड, कॉलेज रोडची भाडी परवडणारी नव्हती, म्हणून इंदिरानगर ते पाथर्डी फाटा या पट्ट्यात शोध सुरू केला. नवी वस्ती, तरुण कुटुंबं, शाळा जवळ. एका एजंटने रस्त्याला लागून असलेला तळमजल्यावरचा गाळा दाखवला. तीनशे चौरस फूट, शटर, पुढे दोन गाड्या लागतील एवढी जागा. भाडं १७ हजार, डिपॉझिट दीड लाख. त्याच भागातल्या गाळ्यांना २५ हजार मागत होते. "डॉक्टर मॅडम, काका हौशी माणूस आहेत, त्यांना चांगला भाडेकरू हवाय, पैशाचं त्यांना काही नाही," असं एजंट म्हणाला. भाडं एवढं कमी का, हे मी तेव्हाच खोदून विचारायला हवं होतं.

मालक साठीचे, बोलायला अतिशय गोड. "तू मला मुलीसारखी," म्हणून चहा पाजला. मी कागद मागितले. त्यांनी घरपट्टीची पावती दिली, लाइट बिल दिलं, आधार कार्ड दिलं. सगळ्यांवर नाव त्यांचंच, इमारतही तीच. मी समाधानाने झेरॉक्स काढल्या. घरपट्टीच्या पावतीवर 'फ्लॅट नं. ३' लिहिलं होतं आणि लाइट बिलावर दर संकेतापुढे घरगुती वापराचा दर होता, हे दोन्ही मी पाहिलं होतं. विचारल्यावर काका म्हणाले, "अगं, जुनी नोंद आहे, बदलून देतो." प्रत्यक्षात ते कागद गाळ्याचे नव्हतेच. वर पहिल्या मजल्यावर ते राहतात, त्या फ्लॅटचे होते. गाळ्याला वीजसुद्धा वरच्या मीटरवरून वायर ओढून दिलेली होती. नुसतं मालकाचं नाव जुळलं म्हणून थांबू नका. मिळकतीचं वर्णन, युनिट नंबर, मजला, क्षेत्रफळ हे सगळं तुम्ही घेताय त्याच जागेचं आहे का ते बोट ठेवून वाचा.

करार ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून झाला. "अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही," हे एजंटचं वाक्य. हे साफ खोटं आहे, पण आपल्याकडे निम्म्या लोकांना ते खरं वाटतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे आपण नेहमी करतो तो भाड्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालक नोंदणीला टाळाटाळ करत असेल तर त्यामागे काहीतरी आहे, असंच धरा. आमच्या काकांना नोंदणी करायची तर मिळकत काय म्हणून लिहिणार, हाच प्रश्न होता.

आतल्या कामासाठी कॉन्ट्रॅक्टरही एजंटनेच आणला. "डेंटलची चार क्लिनिकं केलीत, सगळं माझ्यावर सोडा." ५ लाख २० हजारांचं कोटेशन, गुढीपाडव्याला उद्घाटन. टप्प्याटप्प्याने मी त्याला ३ लाख ६० हजार दिले. प्लायवूड ७१० नंबरचं (पाण्याला टिकणारं) लावतो म्हणून भाव घेतला आणि लावलं साधं कमर्शियल. ते पुढे कळलं, त्यावर आता वेळ घालवत नाही.

खरी गोष्ट फरशीखालची आहे. डेंटल चेअरला पाणी, हवेची लाइन, वायरिंग आणि ड्रेन हे सगळं जमिनीखालून चेअरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत आणावं लागतं. रुग्ण चूळ भरतो, ते पाणी त्या ड्रेनमधून बाहेरच्या सांडपाण्याच्या चेंबरला जायला हवं आणि पाइपला फुटामागे साधारण पाव इंच उतार हवा. वर टाइल्स बसल्या की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही. चर खोदल्याच्या दिवशी मी नोकरीच्या क्लिनिकमध्ये ड्यूटीवर होते. संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरचा व्हॉइस मेसेज आला: "मॅडम, लाइन चेंबरला जोडली, एक नंबर काम झालंय, उद्या टाइल्स टाकून घेतो. तेवढा पुढचा हप्ता बघा." मी त्याच रात्री ८० हजार पाठवले.

मार्चमध्ये चेअर आली. बसवायला आलेल्या इंजिनिअरने सवयीप्रमाणे आधी ड्रेनच्या तोंडात एक जग पाणी ओतलं. गेलं. दुसरा ओतला, तोही गेला. तिसऱ्या जगाला पाणी तोंडाशी येऊन थांबलं आणि हळूहळू वर यायला लागलं. त्याने इलेक्ट्रिशियनची स्प्रिंग आत सारली. चार फुटांवर ती अडली. "मॅडम, चेंबर बाहेर बारा फुटांवर आहे," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. टाइल्सच्या फटीतला पांढरा सिमेंट तोवर ओलसर काळा पडला होता.

दोन टाइल्स फोडल्या. पाइप भिंतीच्या अलीकडेच संपला होता. पुढे नुसतं राबिट, म्हणजे विटा-सिमेंटचे तुकडे, भरलेलं. माती आत शिरू नये म्हणून पाइपच्या तोंडाला सिमेंटच्या गोणीचा तुकडा कोंबून वर सुतळी बांधली होती. विसरून राहिलं असं म्हणायला जागा नव्हती, कोणीतरी गुडघ्यावर बसून ती गाठ मारली होती.

कॉन्ट्रॅक्टरचा फोन बंद. मी रडवेली होऊन सोसायटीच्या चेअरमनकडे गेले, चेंबरला लाइन जोडायची परवानगी मागायला. अण्णांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "ताई, तुमचा माणूस महिन्यापूर्वीच येऊन गेला. मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं, तो गाळा नाही, पार्किंग आहे. तिथून ड्रेनेज काढू देणार नाही. त्याने तुम्हाला काहीच सांगितलं नाही?" मग कपाटातून मंजूर नकाशाची घडी काढून टेबलावर पसरली. मी तीन महिने ज्या जागेत स्वप्नं बघितली, तिथे चौकोन होते आणि आत लिहिलं होतं 'स्टिल्ट पार्किंग', म्हणजे इमारतीखाली खांबांमध्ये गाड्या लावायची जागा. काकांनी बिल्डरकडून घेतलेली दोन पार्किंगं विटा लावून बंद केली होती आणि शटर बसवलं होतं. माझ्याआधी तिथे मोबाइलवाला होता. तोही डिपॉझिट सोडून गेला. आणणारा एजंट हाच.

म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला माहीत होतं, एजंटला माहीत होतं, मालकाला तर होतंच. मला सांगितलं असतं तर पुढचा हप्ता थांबला असता, म्हणून तो पाइप पुरला. ही गोष्ट मला पैशापेक्षा जास्त लागली. सासूबाईंनी पाटल्या गहाण ठेवून दिलेले पैसे होते ते.

महापालिका असं बंद केलेलं पार्किंग तोडू शकते, आणि तोडताना आत भाडेकरू कोण, त्याचं फर्निचर किती लाखांचं, हे बघत नाही. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा नहालचंद लालूचंद निकालही दाखवला: स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे काकांचा स्वतःचा हक्कच डळमळीत, मग मला ते काय भाड्याने देणार?

पोलिसांकडे गेले तेव्हा आधी "हे दिवाणी प्रकरण आहे" असंच ऐकावं लागलं. वकिलांनी अर्ज नव्याने लिहिला. फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे दाखवायचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागतं. इथे तो व्हॉइस मेसेज, बँकेच्या नोंदी, फोडलेल्या फरशीचे फोटो आणि अण्णांनी लिहून दिलेलं पत्र उपयोगी पडलं. कृपा करून पैसे रोख देऊ नका आणि मेसेज पुसू नका. नोटीस गेल्यावर काकांनी दीड लाखातले ८० हजार परत केले. कॉन्ट्रॅक्टरविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार केली आहे, तारखा सुरू आहेत. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही.

मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी) सोसायटीकडे मागा. मिळालं नाही तर राजीव गांधी भवनात (महापालिकेच्या मुख्यालयात) नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, तेवढे दिवस टोकन देऊ नका. एजंट "उद्या दुसरी पार्टी येतेय" म्हणेल, येऊ द्या.

आता अशोका मार्गाजवळ जागा घेतली आहे. लहान आहे, भाडं जास्त आहे, करार नोंदणीकृत आहे. ड्रेनची लाइन टाकली त्या दिवशी मी रजा घेतली. टाइल्स टाकायच्या आधी बादलीभर पाण्यात हळद कालवून पाइपमध्ये ओतायला लावली आणि स्वतः बाहेर चेंबरचं झाकण काढून उभी राहिले. पिवळं पाणी आलं, मग प्लंबरला पैसे दिले.