आरस्नॅपशॉट: परत मिळवण्याची खात्री देणारा बॅकअप

तीन लिनक्स सर्व्हरांचा बॅकअप मी आरस्नॅपशॉटवर सोपवला आहे. त्याच्याविषयीचे माझे मत एका दुपारी पक्के झाले. डिस्कवर जागा मोकळी करताना माझ्याच हातून एका संकेतस्थळाच्या चित्रांचे संपूर्ण फोल्डर उडाले; बॅकअपच्या यंत्रावर, अल्फा.० या सर्वांत ताज्या प्रतीच्या डिरेक्टरीत, ते जसेच्या तसे होते आणि नेहमीच्या कॉपीच्या कमांडने परत आणता आले. ऐन अडचणीत कोणतेही वेगळे साधन शोधावे लागत नाही, हा मला याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

पर्ल भाषेतला हा प्रोग्राम आरसिंक (बदललेल्या फाइली तेवढ्या उतरवून घेणारे साधन) आणि हार्ड लिंक (एकाच फाइलला दिलेले आणखी एक नाव) यांच्या आधारावर चालतो. जी फाइल बदललेली नाही तिची नवी प्रत न करता तिला फक्त आणखी एक नाव दिले जाते, त्यामुळे अल्फा.० आणि अल्फा.३ मधल्या अशा फाइलचा आयनोड क्रमांक (डिस्कवरची तिची अंतर्गत ओळख) तपासला तर तो एकच निघतो. प्रत्येक स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या वेळची प्रत, पूर्ण दिसतो, पण नवी जागा मुख्यतः बदललेल्या फाइलींनाच लागते.

मांडणी तासाभरात होते. मात्र कॉन्फिग फाइलमध्ये दोन शब्दांच्या मध्ये स्पेस नव्हे, टॅबच हवा; नवखे हमखास इथेच अडतात, म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेत) ओळी घालण्यापूर्वी कॉन्फिगटेस्ट ही तपासणीची कमांड चालवून पाहावी. अल्फा या सर्वांत वारंवार घेतल्या जाणाऱ्या स्तराच्या ६ प्रती ठेवल्या असतील, तर सहा फेऱ्या पूर्ण होईपर्यंत बीटा हा पुढचा स्तर तयार होत नाही. तो बिघाड समजू नये.

उणिवाही खऱ्या आहेत. साठवलेल्या प्रतींना एन्क्रिप्शन नाही, कॉम्प्रेशन नाही, आणि वीस जीबीच्या फाइलमध्ये एक ओळ बदलली तरी संपूर्ण फाइल पुन्हा साठवली जाते. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी बोर्ग किंवा रेस्टिक हे दुसरे बॅकअप प्रोग्राम पाहावेत. चालू डेटाबेसच्या फाइली थेट उचलणे धोक्याचे असते. आधी डंप (डेटाबेसची फाइलमध्ये उतरवलेली प्रत) काढून घेणारी स्क्रिप्ट कॉन्फिगमध्येच जोडता येते, ती जोडावीच.

बॅकअपचे यंत्र स्वतः एसएसएच या सुरक्षित जोडणीने सर्व्हरकडून फाइली ओढून घेते, अशीच रचना ठेवावी. म्हणजे सर्व्हरमध्ये कोणी घुसले तरी तिथून जुन्या प्रतींना हात लावता येत नाही. प्रती बाहेरच्या डिस्कवर ठेवत असाल तर नो-क्रिएट-रूट (प्रतींचे मूळ फोल्डर नसेल तर ते आपोआप तयार करू नये, असे सांगणारा) हा पर्याय १ करावा, नाहीतर डिस्क माउंट (जोडलेली) नसलेल्या रात्री सगळा बॅकअप मुख्य डिस्कवर उतरून ती भरून जाते.