नवा फुटबॉल फक्त बिलात होता

विहिरीवरचा पंप खडखडायला लागला की आधी सक्शनचा (विहिरीतून पाणी ओढणारा) पाइप वर काढून बघा, मेकॅनिकला फोन नंतर. मी उलटं केलं आणि एका उन्हाळ्यात तीसेक हजार घालवले.

आमचा ५ एचपीचा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेला. मार्चात पाणी कमी झालं आणि पंपात कुणी मूठभर खडी टाकल्यासारखा आवाज यायला लागला. मेकॅनिकनं क्लॅम्प मीटर लावला. एरवी ७ अँपिअर घेणारी मोटर ५ वर आलेली. "भाऊ, लोडच घेत नाही, वाइंडिंग गेलं." मलाही पटलं. खरं तर वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) बिघडलं की करंट वाढतो, नाहीतर तिन्ही फेजला वेगवेगळा येतो. पंपाला आत पाणीच कमी मिळालं तर तो कमी फेकतो, म्हणून करंट उतरतो. हे त्याला माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

रिवाइंडिंग झालं, आवाज तसाच. मग इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं पात्यांचं चाक, बदललं. जुन्याच्या पात्यांना तोंडाशी वाळवी लागल्यासारखी भोकं. "वाळूनं खाल्लं." पण वाळू घासून गुळगुळीत चर पाडते. सक्शन तुंबलं की पंपाच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की गार पाणीही तिथं उकळतं. ते बुडबुडे पुढे दाबात फुटतात आणि धातूचे कण उडवतात. खडखड त्याचीच.

तिसऱ्या खेपेला त्यानं साडेसात एचपीचा पंप गळ्यात मारला. तो त्याच तुंबलेल्या पाइपातून आणखी पाणी ओढायला बघणार! आवाज वाढला.

शेवटी मामा आले, साखर कारखान्यात फिटर होते. म्हणाले, "डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह जरा आवळ." पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपाचा तो व्हॉल्व्ह आवळला, पंप कमी पाणी ओढायला लागला आणि खडखड बसली. "मोटरला काही झालं नाही रे, खाली बघ."

पाइप काढला. फूटव्हॉल्व्हची (सक्शन पाइपाच्या तळाचा, पाणी परत उतरू न देणारा व्हॉल्व्ह; आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात) जाळी शेवाळ आणि प्लास्टिकच्या पिशवीनं गच्च. आणि त्याच्या गळ्याला मीच कधीकाळी बांधलेली तांब्याची तार, म्हणजे तो जुनाच. दिवाळीत याच मेकॅनिकनं नव्या फुटबॉलचे पैसे घेतले होते, बसवला म्हणून.

विचारलं तर म्हणतो, "पोरानं बसवला नसंल." पैशांचं नाव नाही. साडेसातचा पंप निम्म्या किमतीत परत घेऊ म्हणतोय. तो गोठ्यात पोत्याखाली पडलाय. जुन्या पाचच्याच पंपावर पाणी चालू आहे, मीटर ७ दाखवतो.